जरीच्या फेट्याची शीळ

"म्हणजे तू भोंगे लावतोस," उपाध्ये गुरुजी म्हणाले.

"साउंड सर्व्हिस आहे गुरुजी. मिक्सर, बॉक्स, मॉनिटर, माइक, सगळं आपलं स्वतःचं."

"तेच ते. भोंगे."

समोरच्या चहावर साय धरायला लागली होती. आतल्या दाराच्या पडद्याखाली त्रिशलाची पावलं दिसत होती, आणि डाव्या पायाचा अंगठा वरखाली होत होता. तिला हसू आवरेनासं झालं की तो अंगठा तसा हलतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि हिला हसू येतंय!

आता ह्या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली. पण तो अंगठा डोळ्यासमोरून जात नाही.

उपाध्ये गुरुजी म्हणजे त्रिशलाचे वडील. जयसिंगपूरच्या हायस्कुलात जन्मभर संगीत शिकवलं. मानेवर रुळणारे पांढरेशुभ्र केस, सिल्कचा झब्बा, आणि तालुक्यात कुठंही भजनाची स्पर्धा असली की परीक्षकाच्या खुर्चीत हेच. गुरुजींचा कान म्हणजे सोनाराचा काटा, असं लोक म्हणायचे. गुरुजीही म्हणायचे. आणि अशा माणसाची मुलगी मी मागायला गेलो होतो. मी, भूपाल मगदूम, मगदूम साउंड सर्व्हिस, बसस्टँडच्या मागं. आमचं जमलं तेही साउंडमुळंच. एका कार्यक्रमात ती पेटीवर होती आणि मला म्हणाली, "अहो, मॉनिटर जरा वाढवा ना." मी तिच्यासमोरच्या त्या बॉक्सचा आवाज वाढवला. तिनं मान वर करून बघितलं. झालं, तिथंच मी कामातनं गेलो.

"हे बघ," गुरुजी म्हणाले, "माझी एकसष्टी आहे पुढच्या महिन्यात. साउंड तू कर. कार्यक्रमात एकाही माणसानं आवाजाची तक्रार केली नाही, तर तुझ्या वडिलांना घेऊन ये, आपण बैठक करू. एकानं जरी केली, तर ह्या घरात हा विषय पुन्हा नाही."

पडद्यामागचा अंगठा थांबला.

ज्यांनी कधी साउंडचं काम केलेलं नाही, त्यांना ही अट सोपी वाटेल. अहो, डोंबलाची सोपी! लग्नात आमटी खारट झाली तर माणसं निमूटपणे ताक मागून घेतात. साउंडवाल्याला मात्र शेंबडं पोरगंसुद्धा येऊन अक्कल शिकवतं. पुढच्या ओळीतले म्हणणार, "कान फुटायची वेळ आली." मागचे म्हणणार, "मुक्यांचं संमेलन आहे का?" तरुणांना छातीत धडधड पाहिजे, म्हाताऱ्यांना छातीत धडधड होते म्हणून नको. आणि सगळे ऐकतात डोळ्यांनी. दोन बॉक्स लावले की आवाज कमी वाटतो, शेजारी दोन रिकामे बॉक्स उभे केले की तोच आवाज "लई भारी!" एकदा तर मी वायरी सोडत होतो, मशीन अजून टेंपोतच होतं, तेव्हा एक गृहस्थ येऊन म्हणाले, "आवाज जरा कर्कश आहे ओ."

माझा चुलतभाऊ रायगोंडा माझ्याबरोबर धंद्यात होता. अट ऐकून तो खो खो हसला.

"भूपाल्या, पळवून ने पोरीला. ते सोपं पडेल."

"गप. डोकं चालव."

मग आम्ही दोघांनी डोकं चालवलं. गावात तक्रार करणारे कोण कोण हे आम्हाला पाठच होतं. चौगुले मास्तरांना मोठा आवाज सोसत नाही, त्यांची खुर्ची खांबाच्या मागं. कुंभोजच्या दादांना कमी ऐकू येतं, त्यांची थेट बॉक्ससमोर. उरले बाबगोंडा खोत. एकसष्टी ज्या मंगल कार्यालयात होती त्याचे हे मालक, सत्कार समितीचे अध्यक्ष, आणि साउंडमधलं सगळं कळणारे. त्यांच्यासाठी आमच्याकडं खास सोय होती. मिक्सरच्या कोपऱ्यात एक मोठं लाल बटण होतं. गोल, ऐटबाज, फिरवायला मऊ. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. रायगोंडानं ते मुद्दाम बसवून घेतलं होतं, शहाण्या गिऱ्हाइकांसाठी.

एकसष्टीच्या दिवशी सकाळी कार्यालय गच्च भरलं. स्वागतगीत झालं, प्रास्ताविक सुरू झालं, आणि अपेक्षेप्रमाणे खोत अण्णा हात मागं बांधून आमच्या टेबलाशी आले.

"मगदूम, आवाजात दम नाही."

"अण्णा, तुम्हीच करा बघू जरा. तुमच्याइतकं आम्हाला काय कळतंय?" असं म्हणून मी लाल बटण दाखवलं.

अण्णांनी चष्मा वर सरकवला, बटण दोन बोटांत धरलं, हळूच उजवीकडं नेलं, कान टवकारले, मग केसभर मागं आणलं.

"हां! आता कसा घुमायलाय! हात लावू नकोस आता ह्याला."

"नाही लावत अण्णा."

रायगोंडानं तोंडात टॉवेल कोंबला होता. अण्णा ऐटीत स्टेजवर जाऊन बसले. मी कार्यालयभर नजर फिरवली. खांबामागं चौगुले मास्तर डोलत होते, बॉक्ससमोर कुंभोजचे दादा टाळ्या वाजवत होते. एक तक्रार नाही! स्टेजच्या कडेला पेटीपाशी बसलेल्या त्रिशलानं माझ्याकडं बघून भुवई उडवली, आणि मला वाटलं, आत्ताच वडिलांना फोन करावा आणि सांगावं, चांगला शर्ट इस्त्री करून ठेवा.

मग सत्कार सुरू झाला.

फेटेवाला आला. आमच्याकडं सत्कार म्हटलं की फेटा आलाच. स्टेजवरच्या सगळ्या पाहुण्यांना जरीचे फेटे, आणि शेवटी गुरुजींना, सगळ्यांत लांब, केशरी, रुंद जरीकाठाचा. फेटेवाल्यानं कान झाकून दोन घट्ट वेढे दिले, आणि शीळ वाजायला लागली.

पीईईईई!

साउंडवाल्याला ती शीळ झोपेतसुद्धा कळते. माइकचा आवाज बॉक्समधून फिरून परत माइकमध्ये शिरला की तशी वाजते. माझा हात आपोआप बटणावर गेला. पोडियमचा माइक कमी केला. शीळ चालूच. मॉनिटर बंद केला. चालूच. पेटीचा, तबल्याचा, निवेदकाचा, सगळे माइक खाली ओढले. शीळ आपली पीईईई!

लोकांच्या माना वळायला लागल्या. आणि मधल्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "ओ साउंड! झोपलाय का?"

झाली. पहिली तक्रार. मागोमाग सगळीकडून सुरू झालं.

"बंद करा ओ ते!"

"कान किटले!"

खांबामागनं चौगुले मास्तरसुद्धा उठून उभे राहिले, ज्यांना मी एवढं लपवून ठेवलं होतं.

"भूपाल्या, मेन मार, मेन!" रायगोंडा ओरडला.

मी मेन स्विच पाडला. मिक्सरचे दिवे गेले, बॉक्स थंड पडले. निवेदकाचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

पीईईईई!

रायगोंडाचा चेहरा पांढराफटक. "भूपाल्या... वायर काढली गा मी. मग हे कोण वाजायलंय?"

"बघा, बघा!" खालून एक जण उभा राहून सांगायला लागला. "बंद केलं तरी वाजायलंय! असलं कसलं मशीन आणलंय ह्यानं!"

म्हणजे बघा आमचा धंदा. मशीन बंद असलं तरी दोष मशीनचाच!

मी धावत स्टेजवर गेलो. जसजसा पुढं जावं तसतशी शीळ मोठी. पोडियमपाशी नाही. पेटीपाशी नाही. पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी गेलो, तिथं मोठी. फेटेवाला गुरुजींच्या फेट्याचा शेवटचा पदर उजव्या कानावर खोचत होता. त्यानं हात दाबला की शीळ वर चढायची, उचलला की जरा खाली यायची.

गुरुजी शांत बसले होते. चेहऱ्यावर उत्सवमूर्तीचं हसू.

"का रे थांबवलंस?" त्यांनी मला विचारलं. "लोक का उठलेत?"

त्यांना शीळ ऐकूच येत नव्हती! भरल्या कार्यालयात एकट्या त्यांना.

मी खाली वाकलो. फेटा आणि पांढरे केस ह्यांच्या फटीतून कानात काहीतरी दिसलं. मटाराएवढं, कातडीच्या रंगाचं. मी ते लगेच ओळखलं. आमच्या आत्याला असंच यंत्र होतं. ऐकू येण्यासाठी कानात घालायचं. उशीवर कान दाबला गेला की ते शीळ घालायचं, आणि सगळं घर जागं व्हायचं, आत्या सोडून.

तालुक्याचा कान! सोनाराचा काटा! आणि आत मटार!

खोटं कशाला सांगू, मला आधी हसूच फुटलं. पोटातून उकळी आली, ओठ चावून धरले. आणि मग दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं, की मी सुटलो. एक वाक्य बोलायचं, "मंडळी, शीळ माझ्या मशीनची नाही, गुरुजींच्या कानातल्या यंत्राची आहे." साउंडची तक्रार रद्द. अट शाबूत. मी फेटेवाल्याला बाजूला केलं, लोकांकडं वळलो आणि तोंड उघडलं.

"भूपाल, नको."

त्रिशला पेटीवरून उठून माझ्या शेजारी आली होती. खाली एवढा गलका चालला होता, की आमचं बोलणं कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मघाशी शीळ वाजली आणि बाबांनी मान वळवली नाही, तेव्हा कळलं शीळ कुठली ती. आणि ऐकू येत नाही, हे तर कधीचं ठाऊक आहे."

"कसं काय?"

"माझा सूर पडला की पूर्वी पट्टी फेकून मारायचे. हल्ली पडला तरी ‘वा’ म्हणतात."

"अगं, पण अट! आता एवढ्या लोकांनी तक्रार केलीय. मी बोललो नाही तर आपलं..."

"आपलं गेलं तर गेलं," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "पण त्यांचं हे एवढंच आहे रे. सगळ्यांसमोर नको."

आता सांगा, असल्या पोरीसाठी माणूस काय करणार नाही? अट गेली खड्ड्यात, पण ही पोरगी हातातून घालवायची नाही, असं मी तिथंच ठरवलं. ते कसं करायचं, ते मात्र मला कळत नव्हतं. मी रायगोंडाला खूण केली, त्यानं वायर जोडून मेन चालू केला. मी पोडियमचा माइक घेतला.

"मंडळी, माफ करा. चूक माझी आहे. हे माइक नवीन आहेत, परदेशी. फार नाजूक. आणि..." माझी नजर केशरी फेट्यावर गेली आणि तोंडातून पुढचं आपोआप निघालं, "आणि फेट्याला आहे जर. जरीची तार माइकचा करंट ओढते. म्हणून शीळ येते. बंद केलं तरी जरीत करंट राहतो थोडा वेळ."

मला वाटलं, आता चपला येणार.

"करंट?" खोत अण्णा किंचाळले, आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा साप झटकावा तसा लांब फेकला. "आधी सांगायचं की मर्दा! मला मघापासून मुंग्या यायल्यात डोक्यात!"

त्यांच्या शेजारचे सभापती, मुख्याध्यापक, पतसंस्थेचे चेअरमन, सगळ्यांनी भराभरा फेटे उतरवले. स्टेजवर केशरी कापडाचा ढीग झाला. मी गुरुजींजवळ गेलो, "गुरुजी, मीच काढतो," म्हटलं, आणि हळूच वेढे सोडवले. केस कानावर नीट पाडले. शीळ थांबली.

अहो, काय टाळ्या पडल्या! भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या. मागच्या ओळीत एक म्हातारबा शेजाऱ्याला समजावून सांगत होते, "खऱ्या जरीत चांदी असत्याय. चांदीत करंट लई जोरात पळतो." आमच्या भागात आजही निवेदक फेट्यांच्या वेळी सांगतात, "कृपया जरीचे फेटे माइकपासून लांब ठेवा." माझ्या लग्नात नवरदेवाच्या डोक्यावरसुद्धा फेटा नव्हता. तुम्ही कधी आमच्याकडच्या लग्नाला आलात आणि असं काही ऐकलंत, तर ती थाप माझी.

नंतर त्रिशला गायली. रडून गळा जड झाला होता, दुसऱ्याच ओळीला तिचा सूर सपशेल पडला.

"वा!" गुरुजी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मिक्सरमध्ये डोकं घातलं.

जेवणाच्या पंगतीत मात्र मला गाठलंच. गुरुजी मधल्या पाटावर, मी समोर वाढायला, हातात जिलब्यांचं ताट. खोत अण्णा दहाबारा माणसं घेऊन शेजारच्या पाटांवर येऊन बसले.

"गुरुजी, राग मानू नका, पण ह्या मगदूमनं एकसष्टीचा विचका केला. असली शीळ! असला माणूस पुन्हा कार्यालयात घेणार नाही मी."

"कान बसले आमचे," चौगुले मास्तर म्हणाले.

बस्स. संपलं सगळं. पलीकडं त्रिशला मठ्ठा वाढत होती, तिचा हात पातेल्यातच राहिला.

गुरुजींनी घास खाली ठेवला. "शीळ?"

"म्हणजे काय! तुमचा फेटा बांधला आणि सुरू झाली की. जरीतला करंट म्हणे! आणि फेटा काढला तशी गप्प!"

गुरुजी माझ्याकडं बघायला लागले. त्यांचा हात सावकाश उजव्या कानाकडं गेला, केसांवरून फिरला, आणि तिथंच थांबला. त्यांना कळलं. जरीत करंट नसतो हेही कळलं, आणि मी खाली वाकून काय बघितलं तेही कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला भडभडून आलं. एवढा रुबाबदार माणूस, एका क्षणात म्हातारा दिसायला लागला.

मग त्यांनी पाठ ताठ केली.

"कसली शीळ, अण्णा? मी तर ऐकली नाही."

"अहो गुरुजी..."

"मी स्टेजवर होतो. मधोमध. जन्मभर कान लावून बसलोय मी. साधा तंबोरा उतरला तर मला तीन घरं पलीकडून कळतो. शीळ असती तर मला ऐकू आली नसती?"

खोत अण्णांनी चौगुले मास्तरांकडं बघितलं. चौगुले मास्तरांनी पत्रावळीकडं बघितलं.

"तशी... फार नव्हतीच म्हणा," मास्तर म्हणाले.

"मला वाटतं स्वयंपाकघरात कुकर होता," कुणीतरी म्हणालं.

"कुकरच तो! मी म्हणत होतो की हिला."

मठ्ठा संपेपर्यंत पंगतीचं एकमत झालं, की एवढा स्वच्छ साउंड जयसिंगपुरात आजवर झाला नव्हता. खोत अण्णांना तर आता कंठ फुटला. "शीळ येईलच कशी? मी स्वतः बटण लावून ठेवलं होतं लाल!" तिकडं रायगोंडाला ठसका लागला, त्याच्या पाठीत दोघांनी बुक्क्या घातल्या.

"कुणाची काही तक्रार?" गुरुजींनी विचारलं.

"नाही, नाही!" सगळी पंगत एका सुरात.

"मग भूपाल, उद्या वडिलांना घेऊन ये."

माझ्या हातातलं ताट कलंडलं, चार जिलब्या थेट खोत अण्णांच्या पानात. अण्णा म्हणाले, "असू दे, असू दे!" पलीकडं त्रिशलाच्या पायाचा अंगठा भरभर वरखाली व्हायला लागला होता, मला बसलेल्या माणसांच्या फटीतून तेवढंच दिसत होतं.

मी गुरुजींच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी माझा खांदा धरला, तोंड माझ्या कानापाशी आणलं.

"येताना तुझा तो बारका स्क्रूड्रायव्हर आण," ते हळूच म्हणाले. "घरात एक मशीन आहे. शीळ घालतंय म्हणे. मला काही ऐकू येत नाही."